‘द बिग ट्रेल’ (१९३०) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातला हा अमेरिकन वेस्टर्न. त्याच्याबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग खोलातले. एकाचं उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. चित्रपट कशाबद्दल आहे? शेवट न सांगता सांगा.

मिसिसिपीच्या काठावर जमलेला गाड्यांचा मोठा तांडा पश्चिमेला ऑरेगनकडे निघतो. वाटाड्या म्हणून ब्रेक कोलमन हा तरुण सोबत येतो. सापळे लावून फर मिळवणारा हा माणूस मुलूख पाहिलेला आहे. वाट दाखवणं हे त्याचं एक काम. दुसरं काम त्याने मनाशी धरलेलं आहे: त्याच्या म्हाताऱ्या दोस्ताचा खून ज्यांनी केला असा त्याला संशय आहे, ती माणसं याच तांड्यात आहेत. तांड्याचा मुकादम रेड फ्लॅक त्यांपैकी एक. शिवाय भावंडांना घेऊन निघालेली रूथ कॅमेरॉन आणि तिच्या मागे लागलेला जुगारी बिल थॉर्प. खुनी कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळतं, त्यामुळे रहस्यपट समजून बसू नका. गोष्ट बेताची आहे. बघण्यासारखा आहे तो प्रवास.

२. कोणी बनवला, कोण कोण आहे?

निर्मिती फॉक्स फिल्म कॉर्पोरेशनची, दिग्दर्शक राऊल वॉल्श, कथा हॅल एव्हर्ट्स यांची. ब्रेकच्या भूमिकेत जॉन वेन, रूथ म्हणजे मार्गरीट चर्चिल, फ्लॅक म्हणजे टायरोन पॉवर सीनियर, थॉर्प म्हणजे इयन कीथ, ब्रेकचा म्हातारा साथीदार झीक म्हणजे टली मार्शल. विनोदासाठी एल ब्रेंडेल आहे. त्याचं स्वीडिश बोलणं हे सोंग होतं, मूळचा तो फिलाडेल्फियाचा. कॅमेरा दोघांकडे: रुंद आवृत्तीसाठी आर्थर एडिसन आणि नेहमीच्या ३५ एमएम (मिलिमीटर रुंद) फिल्मसाठी ल्युसियन अँड्रिओ. दोघं का, ते प्रश्न ५ मध्ये.

३. जॉन वेनचा हा पहिला चित्रपट का?

पहिला नाही. नायक म्हणून पहिला. त्याआधी तो फॉक्समध्ये सामानसुमान हलवणारा कामगार होता आणि मधूनमधून किरकोळ भूमिकांत दिसायचा. वॉल्शने त्याला सेटवर फर्निचर उचलताना पाहिलं आणि चालणं-वागणं आवडून चाचणी घेतली. भूमिकेसाठी आधी गॅरी कूपरचा विचार झाला होता. ‘जॉन वेन’ हे नावही इथलंच. त्याचं खरं नाव मॅरियन मॉरिसन. वॉल्शने अमेरिकन क्रांतीतल्या ‘मॅड’ अँथनी वेन या सेनापतीवरून ‘अँथनी वेन’ सुचवलं, स्टुडिओला ‘अँथनी’ पटलं नाही, म्हणून ‘जॉन’ झालं. ही चर्चा झाली तेव्हा खुद्द मॉरिसन तिथे नव्हता. जन्म मे १९०७चा, चित्रीकरण एप्रिल १९३०ला सुरू झालं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तेव्हा वय २२.

४. पहिला बोलका वेस्टर्न हाच का?

नाही. बाहेर, मोकळ्यावर ध्वनिमुद्रण केलेला पहिला मोठा बोलपट म्हणून ‘इन ओल्ड ॲरिझोना’चं नाव घेतात. तो डिसेंबर १९२८मध्ये आला. गंमत अशी की तोही वॉल्शनेच सुरू केला होता. त्या कामासाठी वाळवंटात फिरत असताना एक मोठा ससा गाडीची काच फोडून आत आला आणि वॉल्शचा उजवा डोळा गेला. चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाने पुरा केला. म्हणजे खोली आणि अंतर यांवर उभा असलेला ‘द बिग ट्रेल’ एका डोळ्याच्या माणसाने रचला आहे.

५. एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या कशा? रुंद पट्टी कापून छोटी केली का?

कापून केलेली नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे. फॉक्सने ‘ग्रँडर’ नावाची ७० एमएम पद्धत आणली होती. तिची चौकट ४८ बाय २२.५ मिलिमीटर, म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे २.१३ पट. त्या काळच्या ३५ एमएम बोलपटाची चौकट जवळजवळ चौरस, सुमारे १.२ पट. क्षेत्रफळात ग्रँडरची चौकट अडीच पटींहून मोठी.

पण ग्रँडर दाखवायला वेगळे प्रोजेक्टर आणि वेगळा पडदा लागायचा, आणि बहुतेक थिएटरांकडे ते नव्हते. म्हणून दोन पथकांनी दोन कॅमेरे लावून चित्रपट दोनदा घेतला. काही दृश्यांत कॅमेरे शेजारी-शेजारी होते, काही दृश्यं वेगळी घेतली. त्यामुळे एकच संवाद दोन आवृत्त्यांत वेगळ्या लयीत, वेगळ्या हालचालींसह दिसू शकतो. ३५ एमएममध्ये चेहरे जवळून जास्त दिसतात, ७० एमएममध्ये माणसं मुलखात उभी असतात. लांबीही वेगळी: रुंद आवृत्ती १२२ मिनिटं, ३५ एमएम १०८.

६. म्हणजे ‘शोले’सारखा ७० एमएम?

उलटा प्रकार. ‘शोले’ ३५ एमएमवर चित्रित करून नंतर ७० एमएम प्रिंटवर मोठा केला होता. ‘द बिग ट्रेल’ची रुंद आवृत्ती कॅमेऱ्यातच ७० एमएमवर उतरलेली आहे, म्हणून दूरच्या डोंगरावरची एक एक गाडी सुटी मोजता येते. शिवाय ‘शोले’च्या ७० एमएम प्रिंटवर स्टिरिओ आवाज होता, ग्रँडरचा आवाज एकाच पट्टीतला, मोनो.

७. माझ्याकडे आहे ती कोणती आवृत्ती, कसं ओळखायचं?

आधी वेळ बघा: दोन तासांच्या जरा वर असेल तर रुंद, पावणेदोन तासांच्या आसपास असेल तर ३५ एमएम. पण फक्त वेळेवर जाऊ नका, कापलेल्या प्रती फिरतात. चौकट बघा. ४३ इंची टीव्हीवर (पडदा साधारण ९५ बाय ५३ सेंटिमीटर) रुंद आवृत्तीला वर-खाली सुमारे साडेचार सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या येतात. ३५ एमएमला डावी-उजवीकडे प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास पट्ट्या दिसतात. पट्ट्याच नसतील आणि चित्र सगळा पडदा भरत असेल, तर प्रत बिघडवलेली आहे किंवा तुमच्या टीव्हीने ती बिघडवली आहे (प्रश्न ८).

२००३च्या डीव्हीडीवर फक्त ३५ एमएम आवृत्ती होती. २००८च्या दोन डिस्कच्या संचात आणि २०१२च्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत. डिस्क ठरावीक विभागाच्या प्लेअरसाठी बनवलेली असते: अमेरिकन डीव्हीडी विभाग १ची असते आणि भारत विभाग ५मध्ये येतो. ब्लू-रेत अमेरिका ‘ए’ आणि भारत ‘सी’. तेव्हा मागवण्याआधी डिस्कच्या पाठीवरची खूण आणि आपल्या प्लेअरची माहिती जुळवून बघा.

८. माणसं जाडी आणि बुटकी दिसतात. प्रत खराब आहे का?

बहुतेक वेळा टीव्हीची सेटिंग. चौरस चित्र १६:९ पडद्यावर ताणलं की चाकं अंडाकृती होतात. तीच सोपी कसोटी: गाडीचं चाक गोल दिसतंय का? नसेल तर टीव्हीच्या चित्राच्या आकारात ‘मूळ’ किंवा ‘४:३’ निवडा, ‘झूम’ आणि ‘फुल’ टाळा. उलट माणसं लांबुडकी, काठीसारखी दिसत असतील तर रुंद चित्र आडवं दाबलं गेलं आहे. जतन केलेली प्रत ॲनामॉर्फिक, म्हणजे चित्र आडवं दाबून साठवलेली, असल्यामुळे (प्रश्न १०) हे घडतं. फाइलच चुकीची बनवली असेल तर प्लेअरमध्ये गुणोत्तर हाताने २.१३ टाका.

मोबाइलवर मात्र ही आवृत्ती छान बसते. हल्लीच्या फोनचा आडवा पडदा जवळजवळ याच आकाराचा असतो. आकार बसतो, तपशील बसत नाही. शक्य असेल तेवढा मोठा पडदा घ्या.

९. इतका मोठा चित्रपट पडला कसा?

ऑक्टोबर १९३०मध्ये प्रदर्शित झाला. शेअर बाजार कोसळून एक वर्ष झालेलं, मंदी सुरू. थिएटरवाल्यांनी नुकताच ध्वनियंत्रणेवर पैसा घातला होता. पुन्हा नवे प्रोजेक्टर आणि मोठा पडदा घ्यायला कोणी तयार नव्हतं. रुंद आवृत्ती मुख्यतः दोन ठिकाणी दिसली: हॉलिवूडचं ग्रॉमन्स चायनीज आणि न्यूयॉर्कचं रॉक्सी. बाकीच्यांनी ३५ एमएम पाहिली, आणि त्या आवृत्तीत चित्रपटाची खरी ताकदच अर्धी होते. खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेलेला, तो निघाला नाही. ग्रँडरमागे पैसा आणि हट्ट लावणारे विल्यम फॉक्स यांची कंपनीवरची पकड त्याच वर्षी सुटली होती.

अपयशाचा दोष नायकाच्या कोवळेपणावर टाकणारं बरंच लिखाण सापडतं. ते पटत नाही. त्याच काळात वॉर्नर, एमजीएम, आरकेओ या सगळ्यांनी आपापल्या रुंद पद्धती काढल्या आणि सगळ्याच बंद पडल्या. त्यांत काही जॉन वेन नव्हता. रुंद पडदा परत आला तो १९५३मध्ये, सिनेमास्कोपच्या रूपात, आणि आणला याच फॉक्सच्या वारस कंपनीने.

१०. ७० एमएमची मूळ निगेटिव्ह आहे का अजून?

ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे होती. नायट्रेट फिल्म आकसलेली, ठिसूळ. नेहमीच्या यंत्रातून चालवली असती तर फिल्मच्या कडेची छिद्रं फाटली असती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल माल्केम्स यांनी ती एक एक फ्रेम करून ३५ एमएम ॲनामॉर्फिक फिल्मवर उतरवली. १२२ मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जवळपास पावणेदोन लाख फ्रेम. आज आपण पाहतो ती रुंद आवृत्ती या कामातून आलेली आहे. त्यामुळे तिचा बारीकपणा मूळ ७० एमएमइतका नाही, हे ध्यानात ठेवून बघा. २००६मध्ये चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदणीत घेतला गेला.

११. रुंद आवृत्तीत नेमकं काय बघायचं?

मागे बघायचं. पुढे दोन पात्रं बोलत असताना मागे कोणी बैल जुंपतंय, कोणी लाकडं फोडतंय, पोरं धावतायत, आणखी मागे गाड्यांची रांग टेकडी चढतेय. वॉल्श हे सगळं एकाच शॉटमध्ये ठेवतो आणि डोळा कुठे न्यायचा ते आपल्यावर सोडतो. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड होतं. मोठ्या फिल्मवर तोच देखावा बसवायला लांब फोकल लांबीचं भिंग लागतं आणि त्यात स्पष्ट दिसणारी खोली कमी होते. उपाय एकच: भिंगाचं, प्रकाश आत सोडणारं छिद्र लहान करायचं, आणि त्यासाठी भरपूर ऊन हवं. बाहेरच्या दृश्यांत एडिसनला ते मिळालं. आतली दृश्यं त्या मानाने सपाट आहेत.

एकच दृश्य निवडायचं तर कड्यावरून गाड्या उतरवण्याचं. लाकडी चौकटी उभ्या करून जाड दोरांनी गाडी कड्यावरून खाली सोडतात. जनावरंही तशीच लोंबकळत उतरतात. वर दोर धरणाऱ्यांची रांग, खाली ठिपक्याएवढी माणसं, आणि दोन्ही एकाच चौकटीत. एक गाडी सुटते आणि कड्याच्या पायथ्याशी तिच्या फळ्या होतात. खेळण्यातली प्रतिकृती नाही की मागे रंगवलेला पडदा नाही. ३५ एमएममध्ये हेच दृश्य बघा, उंची राहते पण माणसांचा जमाव जातो.

१२. सगळे इतकं थांबून थांबून, मोठ्याने का बोलतात?

१९३०चा मायक्रोफोन. तो हलवता येत नसे. गाडीत, झुडपात, कुठेतरी लपवायचा आणि नटांनी त्याच्याजवळ येऊन बोलायचं. म्हणून लोक हिंडतात मोकळे, पण बोलायच्या वेळी घोळका करून थबकतात. त्यात टायरोन पॉवर सीनियर हे रंगभूमीवरचं मोठं नाव, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलणारे. वेनच्या लांब भाषणांत नवखेपणा लपत नाही. तो गप्प असतो किंवा पोरांना खाणाखुणांची भाषा शिकवत असतो, तेव्हा जास्त चांगला दिसतो.

चाकांची करकर, बैलांचं हंबरणं, चाबकांचे आवाज मात्र ऐकत राहावेत असे आहेत. पार्श्वसंगीत फार तुरळक आहे. मधूनमधून मूकपटासारख्या लिखित पाट्या येतात. ती प्रतीतली चूक नाही, चित्रपट तसाच आहे.

१३. याची जर्मन आवृत्ती सापडली, पण नायक वेगळाच आहे!

बरोबर सापडली. डबिंगचं तंत्र तेव्हा भरवशाचं नव्हतं, म्हणून परदेशी बाजारासाठी तोच चित्रपट त्या त्या भाषेच्या नटांना घेऊन पुन्हा चित्रित करायची पद्धत होती. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन आवृत्त्या अशा बनल्या. फ्रेंचमध्ये गॅस्टन ग्लास, स्पॅनिशमध्ये जॉर्ज लुईस नायक. दिग्दर्शकही वेगळे. लांबून घेतलेली तांड्याची दृश्यं तीच वापरली, संवादांची नव्याने घेतली.

आपल्याकडे हे नवं वाटायला नको. प्रभातने १९३२मध्ये पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ केला तो असाच, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत एकदमच चित्रित करून.

१४. चित्रीकरण कुठे झालं?

सुरुवात ॲरिझोनातल्या युमाजवळच्या वाळूत. पुढे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदी आणि सेक्वोया राष्ट्रीय उद्यान, वायोमिंगमध्ये जॅक्सन होल आणि टीटन पर्वतरांग, युटामध्ये झायनचा परिसर, मोंटानातल्या मोईझी इथे बायसनचा कळप. अख्खं पथक, गाड्या आणि जनावरं घेऊन राज्याराज्यांतून फिरलं. युमातच वेन पोटाच्या विकाराने आजारी पडला. सुरुवातीच्या काही दृश्यांत तो ओढलेला दिसतो त्याचं कारण तेच.

१५. ऑरेगनच्या वाटेवर ती प्रचंड झाडं आणि वाळवंटातल्या टेकड्या कुठून आल्या?

आल्या त्या प्रश्न १४ मधल्या जागांमुळे. महाकाय सेक्वोया नैसर्गिकरीत्या फक्त कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर उगवतात, ऑरेगनमध्ये नाहीत. युमाची वाळू तर मार्गापासून शेकडो मैल दक्षिणेला. टीटन रांग मार्गाच्या उत्तरेला राहते. नकाशा हातात घेऊन बसलात तर तांडा झिगझॅग करत सगळा पश्चिम भाग फिरतो असं दिसेल. शेवटच्या प्रसंगाला ती झाडं मिळाली म्हणून हा गुन्हा माफ करायला हरकत नाही.

१६. खरा ऑरेगन मार्ग कसा होता? किती लांब, किती दिवस?

मिझुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ऑरेगन सिटीपर्यंत साधारण २,१७० मैल, म्हणजे सुमारे ३,५०० किलोमीटर. दिवसाला सरासरी पंधरा मैल, एकूण चार ते सहा महिने. पहिला खरोखर मोठा तांडा १८४३चा, सुमारे हजार माणसांचा. १८६९मध्ये देशाच्या आरपार रेल्वे झाली आणि मार्गाचं महत्त्व ओसरलं.

वेळेचं गणित कडक होतं. एप्रिल-मेच्या आधी निघालं तर बैलांना गवत नाही. उशिरा निघालं तर पश्चिमेच्या डोंगरांत बर्फ गाठतं. वायोमिंगमधल्या इंडिपेंडन्स रॉकला ४ जुलैच्या सुमारास पोचलं म्हणजे वेळापत्रक बरोबर, असा ठोकताळा होता. १८४६मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेला डॉनर तांडा उशीर झाल्याने सिएरा नेवाडात अडकला आणि जवळपास निम्मे लोक दगावले. चित्रपटातलं हिमवादळ उगाच घातलेलं नाही.

वाटाड्याही खराच. फरच्या टोप्यांऐवजी रेशमी टोप्यांची फॅशन येऊन १८४०च्या सुमारास बीव्हर या प्राण्याच्या फरचा धंदा बसला आणि टॉमस फिट्झपॅट्रिकसारखे फरवाले तांड्यांना वाट दाखवू लागले. ब्रेक कोलमन त्याच जातकुळीचा.

१७. गाड्या खऱ्यासारख्या आहेत का? लोक गाडीत बसायचं सोडून चालतात का?

चालायचेच. ‘प्रेअरी स्कूनर’ या गाडीचा साटा साधारण चार फूट रुंद, दहा-बारा फूट लांब. त्यात दोन ते अडीच हजार पौंड सामान, म्हणजे टनभर. स्प्रिंग नाहीत. बसलं तर हाडं खिळखिळी होतात आणि बैलांवर ओझं वाढतं ते वेगळंच. म्हणून बायका-पोरांसकट सगळे चालत, आजारी आणि तान्ही मुलं तेवढी आत. गाडीवानही बैलांच्या डाव्या बाजूने आसूड घेऊन चाले. बैलांना वेसण-कासरा नव्हता, जू आणि आवाज यांवर काम. दोन ते तीन जोड्या लागत. घोड्यांपेक्षा बैल हळू, ताशी दोन मैलांच्या आसपास, पण रानातल्या गवतावर निभावतात आणि चोरून पळवायला अवघड.

काय मोडायचं? चाक. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, आरे तुंब्यात खुळखुळतात आणि लोखंडी धाव निसटते. रात्री चाकं काढून नदीत भिजत घालायची, नाहीतर धावेखाली लाकडी पाचरी ठोकायच्या. आसाला डांबर आणि चरबीचं वंगण. त्याची बादली गाडीच्या मागे लटकत असे. कोनेस्टोगा ही वेगळी, पूर्वेकडची अवजड मालगाडी. तिचा साटा होडीसारखा दोन्ही टोकांना वर उचललेला असतो. लांबच्या वाटेवर ती बैलांना झेपत नाही. पडद्यावर गाडी दिसली की साट्याचा तळ बघा: सपाट असेल तर मार्गावरची.

कड्यावरून गाडी उतरवणं अगदीच कल्पित नाही. नेब्रास्कातल्या विंडलास हिलचा सुमारे ३०० फुटांचा उतार चाकं साखळीने बांधून, मागून दोर धरून उतरावा लागे. ऑरेगनमधल्या लॉरेल हिलवर दोर झाडाला गुंडाळून गाडी सोडत. चित्रपटाने मात्र तीव्र उताराचा सरळ कडाच केला आहे.

१८. खायला काय नेत?

१८५९च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांनी एका प्रौढाला ११० दिवसांसाठी हिशेब दिला आहे: पीठ १५० पौंड (६८ किलो), खारवलेलं डुकराचं मांस २५ पौंड, कॉफी १५ पौंड, साखर २५ पौंड, शिवाय सोडा, मीठ, मिरी. ताज्या मांसासाठी गुरं सोबत हाकायची. चौघांच्या कुटुंबाचं नुसतं पीठच २७० किलोच्या पुढे. गाडीत माणसाला जागा का नाही, ते इथे कळतं. गवताळ मैदानात लाकूड नाही, म्हणून चूल बायसनच्या वाळलेल्या शेणावर. गोवऱ्या थापायच्या नाहीत, आयत्या वेचायच्या, एवढाच फरक.

१९. गाड्यांचं कडं आणि आदिवासींचा हल्ला: हे असं रोज व्हायचं?

नाही. गाड्यांचं कडं रोज रात्री केलं जाई हे खरं, पण मुख्यतः गुरं आत कोंडायला. इतिहासकार जॉन अनरू यांच्या मोजणीनुसार १८४० ते १८६० या वीस वर्षांत आदिवासींच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले, तर प्रवाशांच्या हातून ४२६ आदिवासी. एकूण प्रवासी लाखांत. खरा मारेकरी कॉलरा, विशेषतः १८४९नंतरची काही वर्षं. त्याखालोखाल नदीत बुडणं, बंदूक चुकून सुटणं आणि चाकाखाली येणं. कॉलऱ्याचं दृश्य पडद्यावर उठावदार होत नाही, म्हणून वेस्टर्न चित्रपटांत तो सहसा गाळलेला असतो.

ब्रेक आदिवासींशी ओळख ठेवून आहे, त्यांच्याकडून शिकल्याचं सांगतो, हे १९३०च्या मानाने बरं. तरी हल्ल्याच्या दृश्यात ते शेवटी धुळीतून येणारे घोडेस्वारच राहतात. ज्यांच्या जमिनीवरून ही वाट गेली त्यांचं म्हणणं चित्रपटात नाही.

२०. ‘१८५ गाड्या, १,८०० गुरं, १,४०० घोडे, ५०० बायसन’: हे आकडे खरे का?

हे प्रसिद्धीसाठी फिरवले गेलेले आकडे आहेत आणि पुढे सगळीकडे तसेच उतरवले गेले. पडद्यावर तांडा खरंच अवाढव्य दिसतो, त्यामुळे साफ खोटे म्हणवत नाहीत. पण लिहिताना ‘जाहिरातीनुसार’ हा शब्द जोडा.

२१. नंतर नायक आणि खलनायकाचं काय झालं?

वेन स्वस्तातल्या, तासाभराच्या वेस्टर्नमध्ये ढकलला गेला. १९३९मध्ये जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ने त्याला बाहेर काढलं, म्हणजे जवळपास नऊ वर्षांनी. टायरोन पॉवर सीनियर यांचा हा एकुलता एक बोलपट ठरला. डिसेंबर १९३१मध्ये ते वारले. पुढे गाजलेला टायरोन पॉवर तो त्यांचा मुलगा. तांड्यातल्या गर्दीत वॉर्ड बाँडही आहे. वेनचा कॉलेजच्या फुटबॉल संघातला हा सोबती पुढे स्वतः टीव्हीवर तांड्याचा म्होरक्या झाला.

२२. आमच्या फिल्म क्लबमध्ये दाखवला तर कॉपीराइटचं काय?

अमेरिकेत १९३०च्या चित्रपटांची ९५ वर्षांची मुदत २०२५अखेर संपली, म्हणून १ जानेवारी २०२६पासून तो तिथे मुक्त आहे. भारतीय कायद्यात चित्रपटाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण असतं. तेही केव्हाच संपलं. मुक्त आहे तो मूळ चित्रपट. डिस्कवरची समालोचनं, माहितीपट, नव्याने केलेली उपशीर्षकं यांचे हक्क वेगळे असू शकतात. भारतात जाहीर खेळ करायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा विषय कॉपीराइटपेक्षा निराळा आहे, तो आयोजकांनी आधी तपासून घ्यावा.

२३. प्रोजेक्टरवर दाखवताना दोन्ही आवृत्त्यांतले तुकडे शेजारी-शेजारी दाखवता येतील का?

येतील, पण रुंदी सारखी ठेवू नका, उंची सारखी ठेवा. पडदा तीन मीटर रुंद असेल तर रुंद आवृत्तीचं चित्र सुमारे १.४ मीटर उंच येतं. त्याच उंचीला ३५ एमएमचं चित्र जेमतेम १.७ मीटर रुंद राहतं. रुंदी सारखी केली तर चौरस चित्र अडीच मीटर उंच होतं आणि तेच भव्य वाटू लागतं, म्हणजे तुलना उलटी होते. कड्याचा प्रसंग (प्रश्न ११) आधी ३५ एमएममधून, मग रुंद आवृत्तीतून दाखवा. शॉट तंतोतंत जुळत नाहीत (प्रश्न ५), तेव्हा दोन्ही एकदम सुरू करून आवाज जुळवायच्या भानगडीत पडू नका. संवादांचा मुद्रित आवाज कमी आहे, म्हणून हॉलमध्ये पंखे बंद ठेवता येतील अशा दिवसांत खेळ ठेवा आणि इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा.